विल्फर्ड वुड्रफ: देव आजही बोलतो असं मानणारा माणूस

अमेरिकेतल्या युटा राज्यात २४ जुलैला सरकारी सुट्टी असते. मिरवणुका निघतात, रात्री आतषबाजी होते. १८४७ साली याच तारखेला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे पुढारी ब्रिघम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले, खोरं नजरेखालून घातलं आणि ‘हीच ती जागा’ असं म्हणाले, ही गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यंग त्या दिवशी तापाने बेजार होते. ज्या गाडीत आडवे पडून ते आले, ती गाडी त्यांचे सहकारी आणि पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले विल्फर्ड वुड्रफ यांची. ते प्रसिद्ध वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलं तेही वुड्रफ यांच्याचमुळे. पण त्यांनी ते सांगितलं १८८० साली, तेहेतीस वर्षांनंतरच्या एका भाषणात. त्या दिवशीच्या त्यांच्या रोजनिशीत ते वाक्य नाही.

रोजनिशीत खोऱ्याचं भरभरून वर्णन आहे. आणि मग साधी नोंद आहे, की बरोबर आणलेले बटाटे घेऊन आपण नांगरलेल्या तुकड्यावर गेलो आणि ते लावले. देवाच्या कृपेने निदान पुढच्या वर्षापुरतं बियाणं तरी वाचेल. जुलै संपत आलेला, पेरणीची वेळ कधीच टळलेली, जमीन इतकी कडक की आदल्या दिवशी ओढ्याला बांध घालून पाणी सोडल्यावरच नांगर चालला. अशा जागी पोहोचल्या दिवशी हा माणूस बटाटे लावतो आणि रात्री ते लिहून ठेवतो. मला वुड्रफ कळायला लागले ते या नोंदीपासून. त्यांच्या श्रद्धेत आभाळाकडे डोळे लावून बसणं फारसं नव्हतंच. हुकूम आला की निघायचं, हाताला येईल ते काम करायचं आणि झालेलं सगळं कागदावर उतरवायचं, ही त्यांची रीत.

मॉर्मन पंथाबद्दल आपल्याकडे फार तर एवढंच माहीत असतं की हे लोक पूर्वी अनेक बायका करत. ते खरं आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण तिथूनच सुरुवात केली तर बाकी काहीच कळत नाही. वुड्रफ यांच्या आयुष्यात त्या पंथाचे जवळजवळ सगळे पेच एकामागून एक येतात, म्हणून त्यांचं बोट धरून जाणं सोपं.

आधी पंथाचं मूळ

न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने सांगितलं की एका देवदूताने आपल्याला सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवर अमेरिकेतल्या प्राचीन लोकांचा इतिहास कोरलेला होता आणि देवाच्या सामर्थ्याने आपण तो इंग्रजीत आणला. ते पुस्तक म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’. ते १८३० साली छापलं गेलं आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला स्मिथ यांनी चर्च स्थापन केलं. आज त्याचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं आहे.

स्मिथ यांच्या शिकवणीचा गाभा असा: येशूने स्थापलेलं मूळ चर्च पुढे भ्रष्ट झालं, त्याचा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि आता तो देवाने स्वतः परत दिला आहे. म्हणून बायबलच्या काळासारखे आताही संदेष्टे आणि बारा प्रेषित असले पाहिजेत, आणि देव त्यांच्याशी बोलत राहतो. इतर बहुतेक ख्रिस्ती मंडळींसाठी धर्मग्रंथ पुरा झालेला असतो. मॉर्मनांसाठी तो अजून लिहिला जातोय. आज सकाळी संदेष्ट्याला मिळालेला आदेश हाही त्यांच्या लेखी देवाचाच शब्द. हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला तर वुड्रफ यांचं चालणं, लिहिणं आणि म्हातारपणी घेतलेलं ते अवघड वळणही समजतं.

गिरणीवाल्याचा मुलगा

वुड्रफ यांचा जन्म १ मार्च १८०७ चा, कनेक्टिकट राज्यातल्या फार्मिंग्टनचा. वडील पाणचक्की चालवत. आई वारली तेव्हा विल्फर्ड सव्वा वर्षाचा होता. लहानपणी त्याच्यामागे अपघातांची रांगच लागली: उकळत्या पाण्याच्या कढईत पडणं, झाडावरून पडणं, हाड मोडणं, बुडता बुडता वाचणं, पिसाळलेला कुत्रा चावणं. मोठेपणी त्यांनी या सगळ्याची यादीच करून ठेवली. एवढ्यातून आपण वाचलो ते कशासाठी तरी, अशी त्यांची खात्री होती. अशी यादी करणारा माणूस हिशेबी असतो आणि श्रद्धाळूही असतो; वुड्रफ दोन्ही होते.

तरुणपणी ते असं चर्च शोधत होते ज्यात संदेष्टे आणि प्रेषित असतील, चमत्कार असतील. गावातल्या रॉबर्ट मेसन नावाच्या वृद्धाने त्यांना सांगितलं होतं की खरं चर्च परत येणार आहे, मी ते पाहणार नाही, तू पाहशील. १८३३ च्या डिसेंबर अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रिचलंड इथे दोन मॉर्मन प्रचारक आले. वुड्रफ घरी आले, त्यांना सभेची बातमी कळली आणि न जेवताच ते शाळेच्या खोलीकडे धावले. सभा संपायच्या आत आपल्याला हवं ते सापडलं असं त्यांनी ठरवूनही टाकलं. दोन दिवसांनी, ३१ डिसेंबरला, त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाहेर तीन फूट बर्फ, पाण्यातही बर्फाचे तुकडे. आपल्याला थंडी जाणवली नाही, असं ते लिहितात.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १८३४ साली मिसूरीतून हाकललेल्या बांधवांना त्यांच्या जमिनी परत मिळवून द्यायला दोनशेच्या आसपास माणसं ओहायोतून पायी निघाली, त्यांत वुड्रफ होते. जमिनी मिळाल्या नाहीत, उलट पटकीने माणसं मेली. कित्येकांचा विश्वास तिथेच डळमळला. वुड्रफ मात्र ती मोहीम आपली शाळा होती असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. मग दक्षिणेत प्रचार, १८३७ साली फीबी कार्टर यांच्याशी लग्न आणि मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर प्रचार. त्या सुमारास ओहायोत चर्चने काढलेली पेढी बुडाली आणि बड्या बड्या पुढाऱ्यांनी स्मिथ यांची साथ सोडली. वुड्रफ राहिले.

दगडावर बसून घेतलेली दीक्षा

१८३८ च्या ऑक्टोबरात मिसूरीच्या गव्हर्नरने फर्मान काढलं की मॉर्मनांना शत्रू समजून एकतर राज्याबाहेर काढा नाहीतर नेस्तनाबूत करा. हजारो लोक हिवाळ्यात घरंदारं सोडून पूर्वेकडे इलिनॉयकडे निघाले. पण त्याआधीच एक साक्षात्कार नोंदला गेला होता: बारा प्रेषितांनी २६ एप्रिल १८३९ रोजी मिसूरीतल्या फार वेस्ट गावातल्या नियोजित मंदिराच्या जागेवरून परदेशी प्रचाराला निघायचं. तारीख आणि जागा दोन्ही ठरलेल्या. विरोधकांनाही हे ठाऊक होतं आणि निदान हा एक साक्षात्कार तरी खोटा पाडायचाच असा त्यांनी चंग बांधला होता.

मग काय करायचं? देवाने हेतू पाहून सवलत द्यावी, असं काही मंडळींचं मत होतं. प्रेषितांनी तसं केलं नाही. ते दोनशे मैल परत शत्रूच्या मुलखात गेले, २६ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर त्या जागेवर जमले, पायाचा एक दगड नेमून दिलेल्या ठिकाणी लोटला, आणि त्या कोपऱ्याच्या दगडावर बसवून वुड्रफ यांना प्रेषितपदाची दीक्षा दिली. उजाडायच्या आत सगळे पसार. त्या मंदिराचं बांधकाम पुढे कधीच झालं नाही. पण यातून या लोकांचा आज्ञेकडे बघण्याचा दृष्टिकोन स्पष्ट दिसतो. भावार्थ घेऊन भागत नाही. तारीख, जागा, माणूस, सगळं जुळायला हवं.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला निघायचा हुकूम अमलात आणायची वेळ आली. वुड्रफ हिवतापाने लोळागोळा झाले होते, फीबीही आजारी. मिसिसिपी ओलांडून ते पोस्टाजवळ एका चामड्याच्या तुकड्यावर पडून होते. तिथे स्मिथ आले आणि म्हणाले की तू प्रचारकापेक्षा चिरफाडीला ठेवलेल्या प्रेतासारखा दिसतोस, पण ऊठ आणि चालू लाग, बरा होशील. वुड्रफ उठले. जानेवारी १८४० मध्ये ते लिव्हरपूलला उतरले. मागे फीबीला मुलगा झाला आणि जुलैत त्यांची दोन वर्षांची मुलगी सेरा एमा वारली. वुड्रफ यांना ते कळलं काही महिन्यांनी, पत्राने. त्या मुलीला शेवटचं पाहिलं, मांडीवर घेतलं, पुरलं ते फीबीनेच. पुढाऱ्यांच्या श्रद्धेची चरित्रं लिहिताना हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. माझ्या मते निम्मं चरित्र तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये जे झालं त्याला तोड नाही. १ मार्च १८४०, वुड्रफ यांचा तेहेतिसावा वाढदिवस. ते हॅन्लीत सभा घेत होते आणि अचानक त्यांना आतून आदेश आला की दक्षिणेला जा. का, कुणाकडे, काही नाही. तीन-चार दिवसांत ते हियरफर्डशरमधले सधन शेतकरी जॉन बेनबो यांच्या दारात उभे होते. योगायोग म्हणा वा दैवी योजना, त्या भागात ‘युनायटेड ब्रेद्रन’ नावाची सुमारे सहाशे जणांची मंडळी होती. मेथडिस्टांच्या एका शाखेतून ती फुटून निघालेली आणि वुड्रफ पूर्वी जे शोधत होते तेच शोधणारी: मूळचं, शुद्ध चर्च. बेनबोंच्या शेतावरच्या तळ्यात बाप्तिस्मे सुरू झाले. एक सोडून सगळी मंडळी आली, असं वुड्रफ सांगतात. त्यांना पकडायला पाठवलेला शिपाई प्रवचन ऐकून स्वतःच बाप्तिस्मा मागू लागला, हीही त्यांनीच सांगितलेली आठवण. बेनबो आणि त्या मंडळींचे पुढारी टॉमस किंग्टन यांच्या पैशावर ‘बुक ऑफ मॉर्मन’ची ब्रिटिश आवृत्ती निघाली.

हे यश फक्त वक्तृत्वाचं नव्हतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये शेतमजूर आणि कारागीर गांजलेले होते. धर्मांतर करून पुढे अमेरिकेला जायचं, आपल्या लोकांत जमीन कसायची, ‘सियोन’ म्हणजे देवाच्या लोकांची नगरी उभारायची, हा त्यांना देवाचाही रस्ता होता आणि पोटाचाही. पुढच्या दशकांत ब्रिटनमधून हजारोंनी माणसं बोटी भरभरून गेली. युटातल्या अनेक घराण्यांचं मूळ त्यामुळे इंग्लंडात निघतं.

पश्चिमेकडे

२७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना ठार मारलं. चर्चची सूत्रं ब्रिघम यंग आणि बारा प्रेषितांकडे आली. १८४६ च्या फेब्रुवारीत इलिनॉयमधलं आपलं नॉवू शहर सोडून लोक गाड्या घेऊन निघाले. त्या वर्षी ऑक्टोबरात मुक्कामाजवळ लाकूड तोडताना एक झाड वुड्रफ यांच्या अंगावर आलं आणि छातीचं हाड व बरगड्या मोडल्या. पुढच्या एप्रिलात ते पहिल्या तुकडीबरोबर निघायला तयार होते.

त्या तुकडीत १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती. त्या पुरुषांत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तिघं कृष्णवर्णीय गुलाम होते. सॉल्ट लेक सिटीतल्या स्मारकावर त्यांची नावं वेगळी काढून ‘नोकर’ म्हणून कोरली आहेत. स्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या काफिल्यात तीन माणसं कुणाच्या तरी मालकीची होती, हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. १८५२ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद नाकारलं गेलं आणि ती बंदी उठायला १९७८ उजाडलं.

सुमारे सोळाशे किलोमीटरचा हा प्रवास. अंतर मोजायला विल्यम क्लेटन यांनी आधी चाकाला फडकं बांधून फेरे मोजले, ३६० फेऱ्यांना एक मैल. मग कंटाळून लाकडी दात्यांचं एक यंत्रच करून घेतलं. वुड्रफ यांची ८ जुलैची नोंद मला विशेष प्रिय आहे. फोर्ट ब्रिजरजवळच्या ओढ्यावर बाकीचे लोक मांसाचा तुकडा किंवा टोळ लावून मासे धरत होते. वुड्रफ यांनी लिव्हरपूलहून आणलेला गळ काढला, त्याला पिसांची नकली माशी लावली आणि ट्राउट एकामागून एक गळाला लागले. दिवसअखेर डझनभर. हुकूम पाळत चालत सुटलेला हा माणूस वाटेत मनापासून मासेमारीही करतो आणि किती मासे मिळाले तेही मांडून ठेवतो.

या रोजनिश्यांचं महत्त्व इतकं आहे की मॉर्मन इतिहासाचा कोणताही अभ्यासक त्यांच्याशिवाय पाऊल टाकू शकत नाही. १८३० च्या दशकापासून १८९८ पर्यंत, हजारो पानं. वर्षअखेरीस त्या वर्षी किती मैल चाललो, किती सभा घेतल्या, किती जणांना बाप्तिस्मा दिला यांची बेरीज. मधेमधे हृदयाची, किल्ल्यांची, शवपेट्यांची छोटी चित्रं. स्मिथ यांची कित्येक प्रवचनं टिकली ती वुड्रफ यांनी टिपली म्हणून. ऐकलेलं उतरवून काढेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही, असं ते सांगत. त्यांच्या दृष्टीने ही धर्मसेवाच होती. देव आज बोलत असेल तर आजच्या दिवसाची नोंद ही उद्याच्या पवित्र इतिहासाची साधनसामग्री.

मात्र रोजनिशी लिहिणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्याला जे सांगितलं जातं तेच तो लिहितो. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज इथे स्थानिक मॉर्मन शिबंदीने कॅलिफोर्नियाला चाललेल्या काफिल्यातल्या सुमारे १२० निःशस्त्र माणसांची, बायकामुलांसह, कत्तल केली. काही पायूट लोकांनाही त्यात ओढलं होतं. सतरा लहान मुलं तेवढी वाचली. २९ सप्टेंबरला जॉन ली हा त्यातला एक म्होरक्या सॉल्ट लेकला आला आणि त्याने यंग यांना सगळं आदिवासींनी केलं असं सांगितलं. वुड्रफ तिथे होते. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. मुळात त्या खोऱ्यांत शोशोनी, यूट, पायूट लोक राहत होतेच; वसाहत वाढली तशी त्यांची शिकारीची रानं आणि पाणवठे गेले, आणि वर खुनाचा आळही त्यांच्यावर आला.

मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा

आता मॉर्मन श्रद्धेतल्या अशा भागाकडे येऊ, जो बाहेरच्यांना सगळ्यांत चमत्कारिक वाटतो आणि वुड्रफ यांच्या काळजाच्या सगळ्यांत जवळचा होता. प्रश्न असा: खरं चर्च शतकानुशतकं पृथ्वीवर नव्हतंच, तर त्या काळात जगलेल्या आणि मेलेल्या कोट्यवधी माणसांचं काय? त्यांचा दोष नसताना ती तारणाला मुकणार का? मॉर्मनांचं उत्तर: नाही. जिवंत माणसाने मृताच्या नावाने मंदिरात बाप्तिस्मा घ्यायचा. परलोकातल्या आत्म्याला तो स्वीकारायचा किंवा नाकारायचा पूर्ण अधिकार. आपल्याकडच्या माणसाला श्राद्ध-तर्पणाची आठवण येईल आणि ती काही अगदी गैरलागू नाही: मागे राहिलेल्याने गेलेल्याचं नाव घेऊन, पाण्याच्या साक्षीने करायचं कर्तव्य. फरक असा, की इथे पितराला तृप्त करण्यापेक्षा त्याला एक निवड देऊ करण्याचा भाव आहे. नवरा-बायको आणि आई-वडील-मुलं यांना मंदिरात कायमचं ‘जोडण्याचा’ विधीही याच विचारातून येतो. मरणाने नातं तुटत नाही, पण ते विधिपूर्वक बांधावं लागतं.

१८७७ साली युटाच्या दक्षिणेला सेंट जॉर्जचं मंदिर पूर्ण झालं आणि वुड्रफ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांचे आत्मे आपल्याभोवती जमले आणि ‘तुम्ही आमच्यासाठी काहीच का केलं नाही?’ असं विचारू लागले, असं त्यांनी सांगितलं. २१ ऑगस्टला त्यांनी त्यांच्यासाठी, शिवाय कोलंबस आणि इतर नामवंतांसाठी, मिळून शंभर जणांच्या नावाने पाण्यात डुबी घेतली. ज्या सरकारचा ससेमिरा आपल्यामागे आहे त्याच्याच संस्थापकांचं तारण हा माणूस करत होता.

बहुपत्नीत्व आणि २५ सप्टेंबर १८९०

ससेमिरा होता तो बहुपत्नीत्वामुळे. जोसेफ स्मिथ यांनी ही शिकवण नॉवूमध्ये खासगीत दिली. १८५२ च्या ऑगस्टमध्ये ती सॉल्ट लेकमधल्या चर्चच्या परिषदेत जाहीर झाली. त्याच परिषदेत हिंदुस्थानसाठी प्रचारक नेमले गेले. त्याच सुमारास स्कॉटलंडचे ह्यू फिंडले मुंबईत आले आणि पुण्यात त्यांनी जेमतेम डझनभर माणसांची एक शाखा उभी केली. पण बहुपत्नीत्वाची बातमी प्रचारकांच्या पाठोपाठ येऊन थडकली, छावण्यांमधल्या इंग्रजांनी दारं लावून घेतली आणि काही वर्षांत प्रयत्न थंडावला. मुंबई-पुण्याचा या इतिहासाशी आलेला संबंध एवढाच, पण तो खरा आहे.

वुड्रफ यांनी स्वतः अनेक लग्नं केली आणि त्यांना तीसहून अधिक मुलं झाली. फीबीने पुढे सांगितलं की ही शिकवण प्रथम कानावर आली तेव्हा इतकी दुष्ट गोष्ट आपण कधी ऐकली नव्हती असं वाटलं, जमेल तितका विरोध केला, त्यात आजारी पडले. मग प्रार्थनेतून मन वळलं, असंही त्या म्हणाल्या. आणि १८७० मध्ये युटातल्या स्त्रियांनी बहुपत्नीत्वाविरुद्धच्या प्रस्तावित कायद्याच्या निषेधार्थ मोठी सभा घेतली तेव्हा फीबी कायद्याच्या विरोधात बोलल्या. या दोन्ही फीबी खऱ्या आहेत. त्यांतली आपल्याला सोयीची तेवढी उचलणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

सरकारचा फास आवळत गेला. १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मश्रद्धा हा बहुपत्नीत्वाचा बचाव होऊ शकत नाही. १८८२ च्या कायद्याने एकापेक्षा जास्त बायकांबरोबर नुसतं राहणंही गुन्हा ठरलं. १८८७ च्या कायद्याने चर्च ही संस्था कायद्याने बरखास्त केली, मालमत्ता जप्त करायची वाट मोकळी केली आणि युटातल्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. पुढारी भूमिगत झाले. सत्तरी-ऐंशीतले वुड्रफ सेंट जॉर्जच्या आसपास लपत. ओळखू येऊ नये म्हणून शेजारणीने शिवलेला बाईचा घोळदार झगा आणि मोठी टोपी घालून वावरत. अध्यक्ष जॉन टेलर १८८७ मध्ये लपलेल्या अवस्थेतच वारले. १८८९ च्या एप्रिलात वुड्रफ अध्यक्ष आणि संदेष्टा झाले, वय ८२.

आता खरा पेच. नोव्हेंबर १८८९ मध्ये त्यांनी एक साक्षात्कार नोंदवला, ज्यात देव सांगतो की माझा नियम नाकारू नका, शत्रूला वचनं देऊन बसू नका. मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता जप्तीचा कायदा वैध ठरवला, आणि मंदिरंसुद्धा जाणार हे दिसू लागलं. २५ सप्टेंबर १८९० च्या रोजनिशीत वुड्रफ लिहितात की चर्चचा अध्यक्ष म्हणून मी अशा टप्प्यावर येऊन ठेपलोय, जिथे चर्चच्या ऐहिक बचावासाठी पाऊल उचलणं भाग आहे. त्यांनी जाहीरनामा काढला: देशाच्या कायद्याने निषिद्ध असलेलं लग्न करू नये, असा माझा सर्व संतांना, म्हणजे चर्चच्या सभासदांना, सल्ला आहे. ६ ऑक्टोबरला परिषदेने तो स्वीकारला.

टीकाकार म्हणाले, तोंडावर आपटल्यावर देव आठवला. वुड्रफ यांनी पुढच्या वर्षी लोगन गावी आपली बाजू मांडली, आणि ती नीट ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं असं: ही प्रथा चालू ठेवली तर काय होईल ते देवाने मला दाखवलं. सगळी मंदिरं जातील, जिवंतांचे आणि मृतांचे विधी थांबतील, घराघरातले कर्ते पुरुष तुरुंगात जातील, आणि प्रथाही शेवटी बंद पडेलच. मग शहाणपणाचं काय? मंदिरं हातात ठेवून मृतांचं काम चालू ठेवायचं, की सगळंच घालवायचं? देवाने हे करायला सांगितलं नसतं तर मी सगळं जाऊ दिलं असतं, असंही ते म्हणाले.

माझं मत विचाराल तर हा युक्तिवाद मनापासूनचा होता. ज्या माणसाने मेलेल्यांसाठी पाण्यात डुबक्या घेतल्या, त्याला मंदिर जाणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वज वाऱ्यावर सोडणं. एक आज्ञा वाचवायला त्यांनी दुसरी सोडली. देव अजून बोलतो या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या चर्चला तसं वळता आलं. ग्रंथ मिटून ठेवलेल्या मंडळींना ते फार जड गेलं असतं.

पण या वळणाची किंमत कुणी दिली हेही सांगितलंच पाहिजे. जाहीरनाम्यात आधीच झालेल्या लग्नांबद्दल स्पष्ट काहीच नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या बायकोचं आता काय? काही नवरे सगळ्या घरांशी इमान राखून राहिले, काहींनी संबंध तोडले, आणि देवाची आज्ञा म्हणून आयुष्य पणाला लावलेल्या बायका ना धड बायको ना विधवा अशा राहिल्या. नवी बहुपत्नी लग्नंही गुपचूप होत राहिली. १९०४ मध्ये चर्चला दुसरा जाहीरनामा काढावा लागला. त्यानंतर फुटून निघालेले छोटे गट आजही ही प्रथा पाळतात, मुख्य चर्च मात्र तसं करणाऱ्याला बहिष्कृत करतं. बहुपत्नीत्वाचा मूळ साक्षात्कार आणि वुड्रफ यांचा जाहीरनामा दोन्ही आज मॉर्मनांच्या एकाच धर्मग्रंथात छापलेले आहेत.

जाहीरनाम्याने जे वाचवायचं होतं ते वाचलं. चाळीस वर्षं चाललेलं सॉल्ट लेकचं मंदिर पूर्ण झालं आणि ६ एप्रिल १८९३ रोजी वुड्रफ यांच्याच हस्ते त्याचं समर्पण झालं. ४ जानेवारी १८९६ ला युटा राज्य झालं. या दोन्हींच्या मध्ये, १८९४ च्या एप्रिलात, वुड्रफ यांनी आणखी एक मोठा बदल केला, ज्याची चर्चा फार कमी होते. तोवर अनेक सभासद स्वतःच्या वडिलांऐवजी प्रेषितांसारख्या थोर पुढाऱ्यांचे दत्तक पुत्र म्हणून ‘जोडले’ जात. वुड्रफ म्हणाले, पुरे. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या आई-बापांशी जोडून घ्या आणि वंश मिळेल तितका मागे न्या.

मग पूर्वजांची नावं हवीत, आणि नावं हवीत तर दप्तरं हवीत. त्याच नोव्हेंबरात वंशावळींची एक संस्था स्थापन झाली. तिचीच पुढे फॅमिलीसर्च झाली. १९३८ पासून जगभरची दप्तरं तिने मायक्रोफिल्मवर उतरवली. मूळ फिल्मी लिटल कॉटनवूड दरीतल्या डोंगरात कोरलेल्या तळघरात आहेत, सॉल्ट लेकच्या मंदिराचा दगड ज्या दरीतून आला त्याच दरीत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही फिल्मी या संस्थेने काढल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे पणजोबांची सही शोधायला गेलेल्या कुणालाही त्यामागची ओढ समजावून सांगायला नको. वादही झाले: नाझी हत्याकांडात मेलेल्या ज्यूंच्या नावाने बाप्तिस्मे झाल्यावर ज्यू समाज दुखावला आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. मृताच्या नावावर हक्क कुणाचा, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला आणि तो गैर नव्हता.

१८९७ च्या मार्चमध्ये नव्वदीतल्या वुड्रफ यांनी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर आपली साक्ष ध्वनिमुद्रित केली. खरखरीतला तो आवाज आजही ऐकता येतो. २ सप्टेंबर १८९८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ते वारले. त्यांच्या रोजनिश्या आणि पत्रं आता इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात. इंग्रजी साधं आहे, शुद्धलेखन मनमानी आहे, पण थोड्या पानांत सवय होते. वाचणार असाल तर १८४० चं इंग्लंड, १८४७ चा उन्हाळा आणि १८९० चा सप्टेंबर इथून सुरुवात करा, आणि त्यांच्या नोंदींबरोबर फीबीची पत्रंही वाचा.